कानसेनने पास केलेलं इंजिन

भावजींना ऐकू येत नाही हे मला कळलं, तेव्हा भट्टी पेटलेली होती आणि माझी भाची तिच्या तोंडाशी उभी होती. जरा आधी कळलं असतं तर मी एवढी आरडाओरड केली नसती. म्हणजे केली असतीच, पण तिचा काही उपयोग तरी झाला असता.

आधी भावजी कोण ते सांगते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जुनी वाफेची इंजिनं पुन्हा चालती करणाऱ्या आमच्या शेडमध्ये ते बॉयलरचे मिस्त्री आणि मी रंगारीण. मेहुणी असल्यामुळे त्यांची टिंगल करायचा परवाना मला ताईच्या लग्नातच मिळालेला, आणि तो मी कधी जुना होऊ दिला नाही. शेडमध्ये त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे कानसेन म्हणत. गाणं ऐकून माना डोलावणाऱ्याला लोक थट्टेने असं म्हणतात. भावजींना ते लोखंडाच्या आवाजावरून मिळालं होतं, आणि थट्टेने नव्हे.

त्याचं असं आहे. इंजिनात कोळसा जळतो ती एक भलीमोठी लोखंडी पेटी असते. तिच्याभोवती पाणी आणि पाण्याबाहेर दुसरं कवच. आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना धरून ठेवायला शेकडो आखूड दांडे बसवलेले असतात, त्यांना स्टे म्हणतात. वाफ पत्र्याला ढकलत असते, स्टे त्याला जागेवर धरून ठेवतात. स्टे मधेच तुटला तर डोळ्यांना काही दिसत नाही, कारण दोन्ही टोकं जागच्या जागी असतात. एखादा तुटला तर शेजारचे सांभाळून घेतात. शेजारशेजारचे तुटले तर पत्रा फुगतो, फाटतो, आणि उकळतं पाणी भट्टीच्या तोंडातून समोरच्या माणसाच्या अंगावर येतं. समोरचा माणूस म्हणजे फायरमन.

तुटका स्टे ओळखायची आमच्या शेडची रीत जुनी आहे. बॉयलर थंड असताना पेटीत शिरायचं, एकेका स्टेवर हातोडा मारायचा आणि ऐकायचं. धड असेल तो खणकन वाजतो, तुटका बद्द वाजतो. भावजी तर पेटीत शिरतही नसत. दुसरा कोणी आत ठोकत असायचा, हे बाहेर चहा पीत उभे, आणि मधेच म्हणायचे, "तो मघाचा परत ठोक रे." तो तुटकाच निघायचा. मग भावजी दिवसभर अशा थाटात हिंडायचे की जणू स्टे त्यांनी शोधला नव्हता, तो त्यांना घाबरून स्वतःच पुढे आला होता. गर्विष्ठ माणूस. मला आवडायचा, पण गर्विष्ठ.

आता बागवाली. हे आम्ही त्या इंजिनाला ठेवलेलं नाव. सार्वजनिक बागेत चौथऱ्यावर किती वर्षं उभं होतं कोण जाणे. धुराड्यात पक्ष्यांची घरटी, पितळेची एकही वस्तू शिल्लक नाही, आणि दोन्ही अंगांना प्रेमवीरांनी खिळ्याने कोरलेली नावं. पालिकेला दर दोन वर्षांनी उमाळा यायचा आणि ती नवा रंग थापायची. मी खरवडायला बसले तेव्हा चंदेरीखाली काळा, काळ्याखाली लाल, लालखाली पुन्हा चंदेरी, असं करत करत शेवटी एक गडद हिरवा लागला. तो मूळचा. तो लागला त्या दिवशी मी ड्रायव्हरकाकांना, पुढे बागवाली चालवणार होते त्यांना, हाताला धरून ओढत आणलं होतं. ते तिच्याकडे बघत नुसते उभे राहिले आणि मग त्यांनी नाक शिंकरलं.

बाकीच्यांनी तिच्या जुन्या नळ्या काढून नव्या घातल्या, चाकं उतरवून घासली, गंजलेले पत्रे कापून नवे जोडले. स्टे मात्र बरेचसे जुनेच ठेवले, कारण भावजींनी ठोकून ते धड असल्याचं सांगितलं. बॉयलरमध्ये गार पाण्याचा दाब भरून शेडच्या साहेबांनी परीक्षा घेतली, एक थेंब गळला नाही. राहिली होती फक्त पहिली वाफ.

पहिल्या वाफेची आमच्या शेडची एक पद्धत आहे. फायरमन काडी हातात धरून बॉयलरच्या मिस्त्रीला मोठ्याने विचारतो, "पेटवू?" मिस्त्रीने सगळ्यांसमोर "पेटव" म्हणायचं. मग दाबाचा काटा अर्ध्यावर आला की पुन्हा विचारायचं, "चढवू?" आणि मिस्त्री म्हणतो, "चढव." त्याने "उतर" म्हटलं तर भट्टी तिथल्या तिथे रिकामी करायची, कारण विचारायचं नाही. साहेबांनाही मधे बोलायचा अधिकार नाही. एकाच्या जिवाची जबाबदारी दुसऱ्याने तोंडाने घ्यायची, कागदावर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बागवालीची फायरमन होती ठिणगी. भावजींची एकुलती एक लेक, माझी भाची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून त्यांनीच हे नाव पाडलेलं. तिला फायरमन व्हायचं होतं तेव्हा ताईने घर डोक्यावर घेतलं. भावजी म्हणाले, "अगं, भट्टी मी पास केलेली असणार. तुझ्या स्वयंपाकघरापेक्षा पोर तिथे सुखरूप." ताईने वाद सोडला. तिच्या स्वयंपाकघराला नावं ठेवलेली तिला एरवी खपत नसत, पण या बाबतीत तिचा नवऱ्यावर विश्वास होता.

या वेळी स्टे ठोकताना भावजी स्वतः आत शिरले होते, आणि कोणालाही जवळ फिरकू दिलं नव्हतं. "एवढी जुनी आहे ती, मला शांतता लागते," म्हणाले. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचे नखरे. घरीही ते अलीकडे कमी बोलत. ताई हाक मारायची आणि हे पेपरातून डोकं वर काढत नसत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठला नवरा डोकं वर काढतो? त्यामुळे तिलाही त्यात काही नवीन वाटलं नाही.

तर पहिल्या वाफेच्या सकाळी ठिणगीने इंजिनावर चढून काडी दाखवली, बापाच्या डोळ्यांत बघून विचारलं, "पेटवू?"

"पेटव!" भावजी असे गरजले की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे भरपूर होते, साहेबांनी गावभर निमंत्रणं वाटली होती.

वाफ घाईने चढवत नाहीत. लोखंड हळूहळू तापू द्यावं लागतं. पाहुणे खुर्च्यांवर बसले, उठले, खाऊन पुन्हा बसले. काटा जागचा हलला तेव्हा दुपार कलली होती. मी शिडीवर चढून इंजिनाच्या अंगावरच्या आकड्यांना शेवटचा हात देत होते. खाली रुळांपाशी भावजी पाठमोरे उभे होते. माझ्या कोपराचा धक्का लागला आणि रंगाचा डबा शिडीवरून थेट रुळावर आदळला. त्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. असा आवाज झाला की पलीकडचे पाहुणे दचकून उभे राहिले. ड्रायव्हरकाकांनी कानाला हात लावला.

भावजी हलले नाहीत. मान वळवली नाही, खांदा उडाला नाही. ते आपले काट्याकडे बघत होते. हिरवा रंग ओघळत त्यांच्या बुटाशी आला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, मग वर माझ्याकडे.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी शिडी कशी उतरले ते आठवत नाही. त्यांची बाही धरून त्यांना मालगाडीच्या डब्याआड ओढलं.

"भावजी, तुम्हाला ऐकू येत नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. आता लक्षात आलं की गेले कित्येक महिने ते माझ्याशी बोलताना माझ्या ओठांकडेच बघत होते, आणि मला वाटायचं मेहुणीचं बोलणं फार मनावर घेतात.

"हळू बोल," ते म्हणाले. "येतं थोडं. जाड आवाज येतात. बारीक येत नाहीत."

"स्टेचा कुठला? जाड की बारीक?"

ते बुटाला लागलेला हिरवा रंग जमिनीवर पुसायला लागले.

"कधीपासून?"

"हाताला कळतं गं. हातोडा उडतो कसा त्यावरून कळतं. आयुष्य गेलं माझं."

"मग जाऊन परत ठोका. आत्ता."

"वाफ धरलेल्या बॉयलरवर हातोडा मारत नसतात," ते म्हणाले, आणि इतक्या दमलेल्या आवाजात, की मला त्यांची दया आली आणि लगेच त्या दयेचाही राग आला. "आता काही करता येत नाही. पाण्याची परीक्षा झालीय. काही होणार नाही. मेहुणीबाई, झाकली मूठ राहू दे. आजचा दिवस. उद्या मी स्वतःच सोडतो."

"तुमची मूठ झाकलेली राहील हो, पण वर पोरगी उभी आहे!"

मी तिथून निघाले ती थेट साहेबांकडे. साहेब कोणा बड्या पाहुण्याला बागवालीचं वय सांगत होते. मी मधेच तोंड घातलं. त्यांनी मला बाजूला घेतलं, ऐकून घेतलं, आणि डबा सांडल्यामुळे मी घाबरले आहे असं ठरवून टाकलं. "बाई, कानसेनला ऐकू येत नाही? काहीतरीच काय! परीक्षेत थेंबसुद्धा गळला नाही. आणि सकाळी सगळ्यांसमोर जबाब दिलाय त्याने. तुम्ही आकड्यांचं बघा, तो शेवटचा अर्धाच राहिलाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांचीही गंमत अशी की, त्यांचं म्हणणं सगळ्यांनाच पटलं असतं. काल कोणी मला सांगितलं असतं तर मीही हसले असते.

मग मी इंजिनापाशी गेले. ठिणगी फावड्याने कोळसा सारखा पसरत होती. चेहरा लाल, कपाळाला केस चिकटलेले, आणि भलतीच खूश.

"ठिणगे, खाली उतर."

"मावशी, काहीतरीच! आता अर्ध्यावर येईल काटा."

"तुझ्या बाबांना ऐकू येत नाही. त्यांनी स्टे न ऐकता पास केलेत."

ती हसली. मग हसू थांबलं. तिने दूर उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. तिच्या डोक्यात काय काय येऊन गेलं असेल ते मला दिसत होतं. घरातला मोठ्याने लावलेला रेडिओ, फोन वाजत राहायचा तो, दार वाजलं तरी न उठणारा बाप. मी वर चढायला लागले, तशी ती म्हणाली, "तू वर येऊ नकोस."

"अगं, मग तू तरी..."

"मावशी, बाजूला हो. मला बघू दे."

तिने फावडं ठेवलं आणि ती काट्यासमोर जाऊन उभी राहिली, पाठ आमच्याकडे. काटा अर्ध्याच्या खुणेला टेकत होता. लोक गोळा झाले. भावजी नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले, रुंद छाती काढून. ठिणगीची पाठ त्यांच्याकडे होती. तिचं तोंड त्यांना दिसत नव्हतं. तिने विचारलं की नाही हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता, आणि वेळ तर झाली होती.

तिने विचारलंच नव्हतं. ती नुसती उभी होती.

"चढव!" भावजी ओरडले.

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "कानसेनला घाई झाली!" भावजीही हसले, कारण सगळे हसत होते. ठिणगी वळली. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा लाल रंग उतरला होता. तिने बापाकडे सरळ पाहिलं आणि ओठ हलवले. नीट, सावकाश. चढवू? आवाज काढला नाही. मी तिच्या पायांशी उभी होते, मला श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

"चढव!" भावजी पुन्हा गरजले.

आता कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ड्रायव्हरकाकांचा हात इंजिनात चढायच्या दांडीवर होता तो तिथेच राहिला. साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच. न विचारलेल्या प्रश्नाला कानसेनने दोनदा उत्तर दिलं होतं, आणि ते सगळ्यांना कळलं होतं, त्यांना सोडून. मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले, एकेक करून, आणि त्यांनाही कळलं.

ठिणगीने उतरायला हवं होतं. मी तिच्या बुटाला हात लावून ओढत होते. ती जागची हलेना. ती भट्टीच्या तोंडासमोर उभी राहिली, हात खाली सोडून, आणि बापाकडे बघत राहिली. काटा अर्ध्याच्या पुढे सरकत होता. तिने एक शब्द बोलायचा अवकाश होता आणि सगळं थांबलं असतं. तो शब्द ती बोलणार नव्हती. ज्याने पास केलंय त्यानेच बोलायचं. मला दोघांचाही राग आला. काय हट्टी रक्त आहे! आणि तिचा बूट मी सोडला नाही, तेही सांगते.

भावजींची छाती खाली बसली. इतकी वर्षं तो माणूस फुगवून धरलेला होता आणि आता मला तो प्रथमच त्याच्या खऱ्या मापाचा दिसला.

"उतर," ते म्हणाले. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "उतर! जाळ काढा! मला ऐकू येत नाही. स्टे मी ऐकलेले नाहीत. ऐका सगळ्यांनी, मी ऐकलेले नाहीत. माझ्या पोरीला खाली घ्या!"

मग कोणी कोणाला विचारलं नाही. ड्रायव्हरकाकांनी लोकांना फाटकाबाहेर हाकललं. ठिणगी मात्र तरीही लगेच उतरली नाही. जाळ काढणं हे फायरमनचंच काम. तिने भट्टीची जाळी हलवली, निखारे खालच्या राखेच्या खड्ड्यात धडाधड कोसळायला लागले, आणि मागे राहिलेले तिने लांब आकड्याने ओढून काढले. ती भट्टीच्या तोंडात वाकली की मी डोळे मिटायचे. भावजींनी मिटले नाहीत. ते खाली उभे राहून प्रत्येक वेळी तिच्याकडे बघत होते, आणि त्यांचे हात हवेतच आकडा धरून ओढत होते. शेवटी तिने भट्टीचं दार लावलं, हवेच्या झडपा बंद केल्या आणि खाली उडी मारली. बापाच्या शेजारून गेली. थांबली नाही.

त्या दिवशी घरी ताईने फक्त एकदा मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. "मलाही नव्हतं," ती म्हणाली, "आणि मी त्यांच्या शेजारी झोपते." मग ती भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा.

बॉयलर पुरता निवल्यावर ठिणगी हातोडा घेऊन पेटीत शिरली. भावजींचाच हातोडा. तिने मागितला नाही आणि त्यांनी दिला नाही. तिने तो भिंतीवरून काढला आणि ते बघत राहिले. बाहेर साहेब, ड्रायव्हरकाका, मी. भावजी जरा लांब, एका खोक्यावर बसलेले. आतून ठोके यायला लागले. खण. खण. खण. त्या आवाजात इतका गोडवा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. एकेक ठोक्याला मला हायसं वाटत होतं. साहेब तर मान हलवायलाच लागले होते, एवढं सगळं उगीचच झालं की काय, असा त्यांचा चेहरा.

आणि मग बद्द.

तिने तोच पुन्हा ठोकला. बद्द. शेजारचा, बद्द. त्याच्या शेजारचा. डाव्या अंगाचा वरचा कोपरा होता, जिथे हात नीट फिरत नाही, हातोडा पुरता उचलता येत नाही. साहेबांनी खिशातला रुमाल काढला आणि तो नुसता हातात धरून उभे राहिले. मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते, रात्रभर जुळवून ठेवले होते, पण त्यांचा चेहरा बघून मी ते तसेच ठेवून दिले.

ठिणगी बाहेर आली. नखशिखांत काजळी. ती सरळ भावजींसमोर गेली, त्यांना तोंड दिसेल अशी खाली बसली आणि बोलली.

"बाबा, तीन आहेत. शेजारशेजारचे. मी उभी होते त्याच्या समोर."

भावजींनी मान हलवली.

"त्या सकाळी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारत होतीस म्हणून," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. तुझ्यासमोर माझ्याने होईना."

"आणि मी मेले असते तर?"

भावजी आपल्या हातांकडे बघत बसले. मग त्यांनी मान वर केली आणि लेकीला विचारलं, एखाद्या शिकाऊ माणसाने विचारावं तसं, "ते तीन कसे वाजले?"

"वाजलेच नाहीत, बाबा. नुसतं बद्द. जसं लाकडावर मारावं."

भावजींनी ते तिच्या ओठांवरून नीट वाचलं.

"मला सगळेच तसे वाजले गं," ते म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळेच. सगळे तुटलेत म्हणून कसं सांगू? मग मी सगळेच पास केले."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, रागाने की कशाने ते मला आजही सांगता येणार नाही. ठिणगी रडली नाही. तिने काजळीचा हात बापाच्या गुडघ्यावर ठेवला, क्षणभरच, आणि उठली. उजवी बाजू अजून ठोकायची राहिली होती. ती हातोडा घेऊन पुन्हा आत गेली.